वरची खोली

मिसरोदला आम्ही राहायला आलो ते यांच्या मंडीदीपच्या नोकरीमुळे. माझं माहेर सांगलीकडचं. तिकडे शेजारीपाजारी जैन, मंदिर हाकेच्या अंतरावर. इथं होशंगाबाद रोडवर सुरुवातीला सगळंच परकं. घर बांधलं तेव्हा वर दोन खोल्या काढल्या आणि विद्यापीठातल्या मुलींना भाड्यानं द्यायला लागले. पाटी लावली : 'केवल शाकाहारी'. या पाटीविषयी मला कधी प्रश्न पडला नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी, जुलैच्या पावसात, एक मुलगी वडिलांबरोबर आली. एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. वडिलांच्या हातात पत्र्याची पेटी, म्हणजे खोली मिळणारच अशा बेतानं निघालेले. मी नाव विचारलं. तिनं सांगितलं. मुसलमानी नाव होतं. मी म्हटलं, "कमरा तो कल ही उठ गया, भाईसाब." ते "कोई बात नहीं" म्हणाले, पेटी उचलली आणि फाटकाची कडी नीट लावून गेले. खोली पुढे दोन महिने रिकामी होती.

तुम्ही म्हणाल, व्रताचा प्रश्न होता. मीही स्वतःला तेच सांगितलं, आणि सांगण्यासारखं पुष्कळ होतंही. आपल्याकडे हिंसा फक्त करणाऱ्याची नसते. कृत, कारित आणि अनुमोदना, म्हणजे स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला मान देणं, तिन्हींत दोष आहे. माझ्या छताखाली कुणी अंडं उकडलं आणि मी महिन्याला भाडं घेत राहिले, तर ती अनुमोदना झाली की नाही? हा प्रश्न खोटा नाही. आजही मला त्याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही.

पण त्या दिवशी मी तिला ती काय खाते हे विचारलंच नव्हतं! नाव ऐकलं आणि थांबले. अनुमोदनेचा सगळा विचार नंतरचा, रात्री अंथरुणावर रचलेला. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादापासून, बेसावधपणापासून सुरू होते. प्राण जाण्याची गोष्ट त्यानंतर येते. त्या प्रमादात माझं ते एक वाक्य बसतं, मन आणि वचन दोन्हींनी.

गंमत बघा, ती ज्या विद्यापीठात शिकायला आली होती त्याचं नाव बरकतउल्ला विद्यापीठ. 1970 मध्ये ते 'भोपाळ विद्यापीठ' म्हणून निघालं, 1988 मध्ये मौलाना बरकतउल्लांचं नाव दिलं गेलं. भोपाळचा हा माणूस 1915 मध्ये काबूलला स्थापन झालेल्या हंगामी भारत सरकारचा पंतप्रधान होता. राष्ट्रपती राजा महेंद्रप्रताप. 1927 मध्ये परदेशातच वारला. आम्ही सगळे 'बीयू' म्हणतो, त्यामुळे नाव तोंडात येतच नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ते नाव मी हजारदा गिळलं असेल.

सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, असं घटनेचं 28 वं कलम सांगतं. ठीकच आहे. पण मुली धर्म गावी ठेवून येत नाहीत. तो डब्यातून येतो, उपासातून येतो, पहाटेच्या गजरातून येतो. वर्गात शेजारी बसायला कुणाची हरकत नसते. संध्याकाळी पाठ टेकायची कुठे, हे मात्र माझ्यासारख्या घरमालकिणी ठरवतात.

आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातीजातींची, धर्माधर्मांची वेगळी वसतिगृहं उघडायला हात दिला. त्या काळी ती गरज होती, नाहीतर पोरं शिकलीच नसती. त्यातल्याच जैन बोर्डिंगात कुंभोजचे भाऊराव पाटील राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंग हे अस्पृश्य मुलांचं वसतिगृह. तिथल्या समारंभाला जाऊन आल्यावर ते आंघोळ करायला तयार झाले नाहीत, म्हणून त्यांना जैन बोर्डिंगातून जावं लागलं, असं सांगतात. पुढे 1924 मध्ये साताऱ्याला त्यांनी सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसवली. लहानपणी ही गोष्ट आम्हाला अभिमानानं सांगितली जायची : कर्मवीर आपले! त्यांना बाहेर काढणारेही आपलेच, हे कुणी म्हणत नसे.

चार वर्षांनी दुसरी मुलगी आली, सिरोंजची. या वेळी मी आधी खाण्याचं विचारलं. "आंटी, आपके घर में कुछ नहीं बनाऊँगी," म्हणाली. रमजानात गच्चीवर उभी असायची, पश्चिमेकडे बघत. मीही तोच सूर्य बघत घाईघाईनं जेवण उरकायचे, कारण मावळल्यावर मला पाणीसुद्धा वर्ज्य. मी ताटावरून उठायचे, तेव्हा तिचा रोजा सुटायचा. एकदा खजुराची बशी घेऊन खाली आली. अंधार पडला होता. मी हात मागे घेतला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग मी कारण सांगितलं. बशीवर झाकण ठेवून म्हणाली, "तो सुबह खा लेना."

म्हणून दोन्ही धर्म एकच, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. ते एक नाहीत. अनेकान्ताचं नाव घेऊन सगळंच गोड करून टाकायची आपल्यात सवय आहे. आपण कुठल्या बाजूनं बोलतो आहोत ते सांगून बोला, एवढी अट मात्र त्यात आहे, आणि ती कुणी पाळत नाही. सकाळी मी खजूर खाल्ले.

दरवर्षी क्षमावाणीला आम्ही हात जोडून सगळ्यांची क्षमा मागतो. फोनवर तर शे-दीडशे संदेश जातात. पत्र्याची पेटी घेऊन परत गेलेल्या त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे नाही. नाव तेवढं लक्षात आहे.

या जुलैत एक खोली रिकामी झाली. पाटी पुन्हा रंगवून घेतली. 'केवल शाकाहारी' तसंच ठेवलं, तेवढं अजून सुटत नाही. पण कुणी बघायला आली की आधी खोली दाखवते, नळ, पंखा, खिडकी. नाव शेवटी विचारते, पैसे घेऊन झाल्यावर, पावती लिहिताना.