दुसऱ्यांदा बांधलेला पट्टा

नॉटिंगहॅमशायरमधल्या एका जुन्या खाणगावात मी फॅमिली डॉक्टर आहे. 2004 च्या एप्रिलमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, आमच्या कामाला गुण लागू झाले. 146 निकष, 1050 गुण, आणि गुणांप्रमाणे दवाखान्याला पैसे. रक्तदाबाच्या पेशंटसाठी आकडा ठरला 150/90, किंवा त्याखाली.

एका सकाळी एक निवृत्त खाणकामगार आले होते. हातांवर जुन्या जखमांचे निळे वळ, कोळशाची धूळ आत राहून गेलेली. पट्टा फुगला, उतरला. 152/88. म्हटलं, "जरा टेकून बसा, श्वास सोडा." दोन मिनिटांनी 148/86. संगणकाच्या पडद्यावरची, आकडा जास्त असल्याची सूचना नाहीशी झाली. "झालो ना पास, डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

मी खोटं काही लिहिलं नव्हतं. दवाखान्यात नुसतं येऊनही दाब चढतो, त्यामुळे पुन्हा मोजणं शास्त्राला धरूनच होतं. पण त्या रात्री एक गोष्ट ध्यानात आली, ती अजून सलते. ज्यांचा आकडा पहिल्याच खेपेला 148 आला, त्यांना मी कधीच "जरा टेकून बसा" म्हटलं नव्हतं.

आई रोज गीतेचा एक अध्याय वाचायची. मिरजेला शिकत असताना सुट्टीत घरी आलो की मी तिच्याशी वाद घालायचो: फळाची आसक्ती सोडायची, तर पेशंट बरा व्हावा ही इच्छाही सोडायची का? मग औषध द्यायचं कशाला? तेव्हा मला एकच फळ दिसत होतं. पेशंटचं बरं होणं आणि माझ्या तक्त्यातला आकडा ही दोन फळं एकाच फांदीला लागतात, दिसायलाही सारखीच. हात कुठल्याकडे गेला ते हाताला कळत नाही. आसक्ती म्हणजे लोभ, असं मी समजत होतो. माझ्या बाबतीत ती फक्त कुठे थांबायचं एवढंच ठरवत होती.

या गुणांनी भलंही केलं. मधुमेहाच्या, दम्याच्या याद्या नीट झाल्या, वर्षानुवर्षं न फिरकलेल्यांना बोलावणी गेली. स्कॉटलंडने 2016 मध्ये ही पद्धत बंद केली तेव्हा मला निव्वळ आनंद झाला नाही, तो याचमुळे.

आता पहिल्यांदा 148 आला तरी मी पट्टा पुन्हा बांधतो. दहा मिनिटांच्या भेटीतली दोन त्यात जातात. मागच्या आठवड्यात एका बाईंचा दुसऱ्या वेळी 154 आला. दोन्ही आकडे लिहिले आणि आठवडाभर घरी मोजायला यंत्र त्यांच्याकडे दिलं.