स्वकीय आणि शेजारी

ज्या घरी सांजप्रार्थना होते ते घर संकटात तग धरते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ह्याला दाखला हवा असेल, तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या पॅट्रिक ब्रीन ह्या कॅथलिक शेतकऱ्याच्या कुटुंबाचा देता येईल. तो, पत्नी मार्गारेट आणि सात मुले १८४६ साली आयोवातून कॅलिफोर्नियाला निघाली. ज्या तांड्यात ती सामील झाली, तो इतिहासात डॉनर तांडा म्हणून ओळखला जातो. जवळची म्हणून निवडलेली नवी वाट लांबची ठरली, त्यात कित्येक आठवडे गेले, आणि नोव्हेंबरच्या आरंभी सिएरा नेवाडा पर्वताच्या खिंडीपाशी बर्फाने रस्ता बंद केला. तांड्यातील ८७ जणांपैकी ४८ जण वाचले. ब्रीन कुटुंबातील नऊच्या नऊ माणसे त्यांत होती.

पॅट्रिकने तळ्याकाठच्या खोपटात रोजनिशी लिहिली. बर्फ, वारा, सरपण, कोण गेले, अशा लहान लहान नोंदी. नाताळच्या दोन दिवस आधी त्याने तीस दिवसांची प्रार्थना सुरू केल्याचे तीत नमूद आहे. व्हर्जिनिया रीड ही प्रॉटेस्टंट मुलगी आई व भावंडांसह पुढे त्याच खोपटात आश्रयाला आली. ह्या कुटुंबाची प्रार्थना पाहून, आपण वाचलो तर कॅथलिक होऊ असा नवस तिने केला आणि पुढे तो फेडला. मार्गारेट आपल्या तुटपुंज्या साठ्यातले मांसाचे तुकडे तिला गुपचूप देत असे.

येथवर वाचून मन भरून येते. परंतु आम्हांला अडखळायला होते ते त्याच ऑक्टोबर महिन्यातील एका सकाळपाशी.

तांड्यात हार्डकूप नावाचा, साठी उलटलेला एक बेल्जियन गृहस्थ होता. बैल थकले, ओझे कमी करायचे म्हणून ज्याला चालता येईल त्याने चालावे असे ठरले. म्हाताऱ्याचे पाय सुजले. ज्याच्या गाडीतून तो येत होता त्याने त्याला पुन्हा गाडीत घेतले नाही. रात्री तो तळावर पोहोचला नाही. सकाळी विल्यम एडी व आणखी दोघे मागे जाऊन त्याला आणायला तयार झाले. त्यांनी घोडे मागितले ते ग्रेव्ह्ज आणि पॅट्रिक ब्रीन ह्यांच्याकडे. दोघांनीही नकार दिला. ही हकिकत एडीची आहे, आणि त्याच्या सगळ्याच कथनावर इतिहासकार विसंबत नाहीत, हे खरे. पण म्हातारा मागे राहिला आणि तांडा पुढे गेला, ह्यात वाद नाही.

पॅट्रिकला निष्ठुर म्हणणे सोपे आहे. सात लेकरे, धाकटी तर अंगावर पिणारी, पुढे वाळवंटी वाट आणि त्यापलीकडे पर्वत. घोडा गेला तर मुलांना कोण वाहून नेणार? आपल्यापैकी कितीजणांनी वेगळे उत्तर दिले असते? स्वकीयांवर अधिक प्रेम करावे हे स्वाभाविकच नव्हे, तर योग्यही आहे, असे संत थॉमस अक्वायनस मानतात. मात्र परका माणूस मरणाच्या दारात असेल आणि आपल्या माणसाची गरज तितकी निकडीची नसेल, तर आधी परक्याकडे जावे, असेही ते बजावतात. त्या सकाळी ब्रीनची मुले मरणाच्या दारात नव्हती. उद्या असू शकतील, एवढेच. आमच्या मते खरी गोम ह्या 'उद्या'त आहे. संसारी माणूस उद्याच्या भीतीने आजच्या माणसाला दूर लोटतो आणि त्याला कर्तव्य हे नाव देतो. लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी घायाळ माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवतो, ही बारीकशी गोष्ट आपण दरवेळी ऐकतो आणि ओलांडून जातो.

ह्या तांड्याचे नाव निघाले की लोक मृतांचे मांस खाल्ल्याचीच चर्चा करतात. आम्हांला तो प्रश्न तितका अवघड वाटत नाही. १९७२ साली अँडीज पर्वतात विमान कोसळून अडकलेल्या कॅथलिक तरुणांनी तेच केले, आणि त्यांना चर्चने पापी ठरवले नाही. अवघड आहे ती लुईस आणि साल्वादोर ह्या दोन आदिवासी तरुणांची गोष्ट. चार्ल्स स्टँटन हा तांड्यातला एकटा माणूस कॅलिफोर्नियात सुखरूप पोहोचूनही परतला, तेव्हा धान्य लादलेली खेचरे घेऊन हे दोघे त्याच्यासोबत आले. जानेवारीत, भुकेने वेडावलेल्या एका सहप्रवाशाने त्यांना खाण्यासाठी गोळ्या घातल्या. ते कुणाचेच स्वकीय नव्हते.

मार्च १८४७ मध्ये एका बचाव पथकाबरोबर निघालेले ब्रीन कुटुंब वादळात पुन्हा अडकले. शेकोटीने बर्फ वितळून झालेल्या खोल खड्ड्यात अकरा जीव उरले होते. मार्गारेट त्यांतल्या परक्या मुलांनाही जपत होती. पुढचे पथक आले तेव्हा दोघांनी एकेक मूल उचलले. बाकीच्या नऊजणांना तिथेच सोडून पुढे जावे, अशी सूचना निघाली. जॉन स्टार्क नावाच्या धिप्पाड माणसाने ती साफ नाकारली. ब्रीन त्याचे कुणी लागत नव्हते. एकदोन मुलांना उचलून थोडे पुढे न्यायचे, खाली ठेवायचे, मागे येऊन उरलेल्यांना आणायचे, असे करीत त्याने नऊही जणांना पर्वताखाली उतरवले.

अंगावर पिणारी ती इझाबेला पुढे १९३५ पर्यंत जगली. पॅट्रिकची रोजनिशी आज बर्कली येथील विद्यापीठाच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात आहे. ती २० नोव्हेंबर १८४६ ला सुरू होते आणि १ मार्च १८४७ ला थांबते. हार्डकूप तिच्याआधी मागे राहिला होता, आणि स्टार्क तिच्यानंतर आला.