ठसा मोडावा का?

यंदा चित्रकलेच्या वर्गात आम्हांला दोन कामे होती. लिनोवर चित्र कोरून त्याचे छाप काढायचे, आणि सगळ्यांनी मिळून एक भिंत रंगवायची. मी नेमावरची. लिनोवर मी नर्मदेचा घाट कोरला. घाटाला लागलेली नाव आणि पैलतीरी हंडिया. छापात डावे ते उजवे होते, म्हणून नदी उलटी वाहती कोरावी लागली. दहा छाप काढायचे, प्रत्येकाखाली पेन्सिलीने १/१०, २/१० असे आकडे घालायचे आणि शेवटी ठशावर आडवी रेघ ओढून तो निकामी करायचा, अशी छापचित्रांची रीत असल्याचे सरांनी सांगितले. ठसा मोडला नाही, तर दहा या आकड्याला अर्थ राहत नाही. सरांचे म्हणणे बरोबरच होते. पण टोकदार हत्यार हाती घेतल्यावर मनात आले, जी वस्तू आणखी शंभर घरांत जाऊ शकते, तिला दहा घरांतच अडवण्याचा मला नैतिक अधिकार आहे का?

हा प्रश्न नुसत्या हळवेपणाचा नाही. धार जिल्ह्यातील बाग या गावी दोन्ही परंपरा एकाच परिसरात नांदतात, आणि मला विचाराची दिशा तिथेच सापडली. गावाजवळच्या डोंगरात सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या चौथ्या लेण्याला लोक रंगमहाल म्हणतात. त्याच्या भिंतींवर नर्तक-वादकांचे मेळे आणि हत्ती-घोड्यांच्या मिरवणुका रंगवलेल्या होत्या. त्याच गावात खत्री कारागीर लाकडी ठशांनी कापड छापतात. कापडाला हिरड्याचे पाणी द्यायचे, तुरटीने लाल आणि गंजल्या लोखंडाने काळा रंग साधायचा, वाहत्या पाण्यात धुवायचे आणि धावडीची फुले घालून उकळायचे. तिथे ठसा कोणी मोडत नाही. झिजला तर तीच वेलबुट्टी नव्या लाकडावर कोरतात. हजारावे कापड पहिल्यापेक्षा हलके, असे तिथल्या कुणाला वाटत नाही.

भिंतीची गोष्ट निराळी. भिंत एकच. ती बाजारात नेता येत नाही, वाटून घेता येत नाही. पाहणाऱ्याने तिच्यापाशी जावे लागते. म्हणून भित्तिचित्र हे मला सर्वांत निर्लोभ चित्र वाटे. पण रंगमहालातल्या चित्रांचे पुढे काय झाले? दगड ठिसूळ, वरून झिरपणारे पाणी, जोडीला धूर; चित्रे विरत गेली. १९२१ साली ग्वाल्हेर दरबाराच्या वतीने नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि सुरेंद्रनाथ कर यांनी त्यांच्या नकला केल्या, आणि १९२७ साली लंडनहून बाग लेण्यांवरचा ग्रंथ छापून निघाला. उरलेल्या चित्रांतली बरीचशी पुढे भिंतीवरून काढून संग्रहालयात ठेवावी लागली. त्या मिरवणुकीची काही कल्पना आज आपल्याला येते ती बव्हंशी नकलांमुळे आणि छापील पानांमुळे. जे एकमेव होते ते अनेकांनी जगवले.

अजिंठ्याची कहाणी याच्या पुढची आहे. मेजर गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनजवळच्या प्रदर्शनात जळाल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून तेच काम पुन्हा करीत राहिले. त्यांतल्याही पुष्कळ नकला १८८५ च्या आगीत गेल्या. म्हणजे नक्कलही एकुलती एक असली की तितकीच अनाथ. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तेव्हा लक्ष्मी-सरस्वती राजवाड्यांतून निघून आपल्या देवघरांत आल्या. त्या तसबिरीपुढे दिवा लावताना, ही कितवी प्रत, असे कोणत्या आजीने विचारले असेल?

इथवर आल्यावर ‘ठसा मोडू नये’ असा निकाल देणे सोपे आहे. पण दुसरी बाजू तितकीच खरी आहे. ज्याने १/१० हा आकडा वाचून पैसे मोजले, त्याला मी शब्द दिला आहे. मागाहून अकरावा छाप काढणे ही फसवणूकच, मग तो कितीही गरिबाच्या घरी जावो. शिवाय ज्या चित्रकाराचे पोट चित्रांवरच आहे, त्याला थोड्याच प्रतींना बरा दाम मिळत असेल, तर त्याला लोभी म्हणण्याचा हक्क मला नाही. वडिलांच्या पगारावर शिकणाऱ्या मुलीने औदार्याच्या गप्पा माराव्यात, हे फार स्वस्त आहे.

तेव्हा दोष आकड्यात नाही, आणि पुण्यही आकड्यात नाही. आकडा म्हणजे वचन. वचन दिले तर ते पाळावे, त्यासाठी ठसा मोडावा. पण प्रत्येकाने तेच वचन दिले पाहिजे, असे कोठे आहे? दुर्मीळपणा हा चित्राचा गुण नव्हे, तो विक्रीचा करार आहे. आम्ही विद्यार्थी मात्र त्यालाच गुण समजू लागतो, आणि घाट कसा उतरला यापेक्षा खाली कितवा आकडा मिळाला याची चर्चा करतो.

भिंतीनेही मला असेच काही शिकवले. अठरा जणांनी रंगवलेल्या त्या चित्राखाली कुणाचे नाव घालायचे, यावर दोन दिवस वाद झाला. आमच्या गावचे परमारकालीन सिद्धनाथाचे मंदिर ज्यांनी घडवले, त्या पाथरवटांची नावे आम्हांला ठाऊक नाहीत. तरी सगळ्यांनी निनावी राहावे, असे मी म्हणणार नाही. कारागिराचे नाव पुसले जाणे हा अन्यायही असतो. शेवटी अठराही नावे, रंग कालवणाऱ्यांसकट, अकारविल्हे लिहिली. पुढच्या वर्षीची मुले त्या भिंतीवर नवे चित्र काढतील तेव्हा ती नावेही झाकली जातील. ते योग्यच होईल. भिंत आम्हांला रंगवायला मिळाली होती, आंदण नव्हे.

माझ्या छापांवर मी आकडा घातला नाही. फक्त नाव आणि साल लिहिले. सरांनी त्याबद्दल गुण कापले, आणि नियम नियम असतो, हे मला मान्य आहे. ठसा शाबूत आहे. पैलतीरावरच्या नावाड्याने एक छाप मागितला आहे. त्याला तो देताना मला कोणताही शब्द मोडावा लागणार नाही.