वाढीचा जामीन

एखाद्या प्रदेशाची लोकसंख्या झपाट्याने वाढू लागली की त्याचे भाग्य उजळले आणि ती ओसरू लागली की त्याला उतरती कळा लागली, असे मानण्याचा प्रघात अमेरिकेत फार जुना आहे. दर दहा वर्षांनी होणाऱ्या शिरगणतीवर तेथील प्रतिनिधिगृहातल्या जागांची वाटणी ठरत असल्यामुळे लोकसंख्येचा आकडा हा राज्याराज्यांतील चढाओढीचा सरकारी निकालच होऊन बसतो. या मापाने पाहिले तर नैऋत्य कोपऱ्यातील ॲरिझोना राज्याची गेल्या पाऊणशे वर्षांतील वाटचाल विलक्षण म्हटली पाहिजे. १९५० च्या शिरगणतीत ज्याची वस्ती साडेसात लाखांच्या आत होती ते राज्य २०२० मध्ये ७१ लाखांच्या पलीकडे गेले. १९५० मध्ये सव्वा लाखही वस्ती नसलेले राजधानीचे फीनिक्स शहर १६ लाखांवर जाऊन देशात पाचव्या क्रमांकाचे ठरले. आणि हे सारे घडले ते वर्षाकाठी जेमतेम सात-आठ इंच पाऊस पडणाऱ्या वाळवंटात. तथापि या वाढीतून घेण्याजोगा बोध तिच्या वेगात नाही. त्या राज्याने एका टप्प्यावर वाढीकडे जामीन मागितला, आणि पुढे तो अपुरा पडतो असे दिसताच तसे उघडपणे सांगितले, यात तो बोध आहे.

माणसे या वाळवंटात का आली, याचे उत्तर एका कारणात मावत नाही. तांबे, गुरे, कापूस, लिंबूवर्गीय फळे आणि हवामान ही ॲरिझोनाच्या जुन्या अर्थकारणाची पंचसूत्री तेथील शाळकरी मुलांनाही पाठ असते; परंतु या पाचांपैकी पहिल्या चारांनी जेवढी माणसे पोसली त्याच्या कितीतरी पट माणसे पाचव्याने, म्हणजे कोरड्या हवेने आणि हिवाळ्यातल्या उन्हाने, ओढून आणली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या शिक्षणासाठी तेथे विमानतळ उभारले गेले आणि युद्धानंतर अनेक सैनिक त्याच प्रदेशात परतले. १९४९ मध्ये मोटोरोला कंपनीने फीनिक्सला आपली इलेक्ट्रॉनिक संशोधनशाळा काढली. वातानुकूलनाची यंत्रे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आणि १ जानेवारी १९६० रोजी डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने केवळ निवृत्तांसाठी वसवलेले सन सिटी खुले केले, तेव्हा पहिल्याच सप्ताहान्ताला सुमारे लाखभर लोक ते पाहायला लोटले. पुढे फीनिक्सलगतच्या चँडलरला इंटेलचे कारखाने आले, आणि त्यांच्या पाठोपाठ जगभरचे अभियंते आले, ज्यांत मराठी कुटुंबेही आहेत. आता तैवानची टीएसएमसी कंपनी फीनिक्सच्या उत्तरेस चिपनिर्मितीचे कारखाने उभारीत असून २०२० मध्ये १२ अब्ज डॉलरांच्या घोषणेने सुरू झालेल्या या योजनेचा आकडा २०२५ मध्ये १६५ अब्जांवर गेला आहे.

एवढी वाढ होते तेव्हा तिचे रूपांतर हळूहळू एका स्वतंत्र धंद्यात होते, आणि येथेच विचार करण्याजोगी अडचण सुरू होते. ॲरिझोनातील नगरपालिकांना स्वतःचा प्राप्तिकर बसवता येत नाही; त्याच्या बदल्यात राज्याच्या प्राप्तिकराचा ठरावीक हिस्सा त्यांना मिळतो, आणि तो लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो. त्याखेरीज त्यांच्या महसुलाचा मोठा भाग विक्रीकरातून येतो. म्हणजे शेजारच्या गावापेक्षा आपली वस्ती मंदावली तर तिजोरीतला आपला वाटा घटणार, हे प्रत्येक नगराध्यक्षाला ठाऊक असते, आणि त्यामुळे नव्या वसाहतीला नकार देण्याइतका निर्लोभ राहणे कोणालाच परवडत नाही. घरे बांधली जातात ती येणाऱ्यांसाठी. पण बांधणाऱ्यांच्या रोजगारासाठी पुन्हा नवे येणारे लागतात. २००६ नंतर हे चक्र अडखळले तेव्हा पाच वर्षांत फीनिक्स परिसरातील घरांच्या किमती निम्म्याहून खाली आल्या आणि राज्यातील बांधकामावरचे निम्म्याहून अधिक रोजगार नाहीसे झाले. वाढीवरच जगणारे अर्थकारण वाढ थांबताच किती निराधार होते, याचा तो कठोर धडा होता. तो फार काळ कोणाच्या लक्षात राहिला नाही.

पैशाचे चक्र अडखळले तर कालांतराने पुन्हा फिरू लागते. पाण्याचे तसे नाही. कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातील सात राज्यांच्या प्रतिनिधींनी १९२२ च्या नोव्हेंबरात, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या हर्बर्ट हूव्हर यांच्या मध्यस्थीने नदीच्या पाण्याचा करारनामा केला, तो नेमका असाधारण पावसाच्या वर्षांतील मोजणीवर बेतलेला असल्यामुळे नदी जेवढे पाणी देऊ शकते त्याहून अधिक पाणी त्यात कागदोपत्री वाटले गेले. ॲरिझोनाला या कराराचा इतका संशय होता की त्याने १९४४ पर्यंत त्याला संमती दिली नाही, आणि १९३४ मध्ये तर कॅलिफोर्नियाकडे पाणी नेणाऱ्या पार्कर धरणाचे काम अडविण्यासाठी गव्हर्नर बेंजामिन मोअर यांनी राज्याचे सैनिक नदीकाठी पाठविले. अखेर १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कज्जा निकालात काढून ॲरिझोनाचा वर्षाला २८ लाख एकर-फुटांचा हक्क मान्य केला. आपल्या परिचयाच्या मापात सांगायचे तर ते सुमारे १२२ टीएमसी पाणी होते, म्हणजे कोयना धरणाच्या साठ्याहून थोडेसेच अधिक. त्यातला मोठा भाग फीनिक्स आणि टूसॉनपर्यंत आणण्यासाठी ३३६ मैलांचा कालवा खणून वाटेत पाणी सुमारे २,९०० फूट वर चढवावे लागले. परंतु या कालव्याला मंजुरी देणाऱ्या १९६८ च्या कायद्यात कॅलिफोर्नियाच्या आग्रहाखातर एक कलम घातले गेले: तुटवडा पडल्यास कपात आधी या कालव्याच्या पाण्याला लागेल. ज्या पाण्याच्या भरवशावर लक्षावधी माणसे वसवली गेली ते पाणी अग्रक्रमाच्या यादीत तळाशी होते, आणि ही गोष्ट गुप्त नव्हती. ती कायद्यात छापलेली होती.

कालवा पूर्ण होण्याआधीच राज्याला आणखी एका सत्याला सामोरे जावे लागले. जमिनीखालचे पाणी वर्षाला जेवढे मुरत होते त्याच्या कितीतरी पट उपसले जात होते. काही ठिकाणी जमीन खचून भेगा पडू लागल्या होत्या. भूजलावर निर्बंध आणल्याखेरीज कालव्याला पैसा मिळणार नाही, असे केंद्रीय अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री सेसिल अँड्रस यांनी बजावल्यावर गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांनी शेतकरी, खाणमालक आणि शहरे यांना एका मेजाभोवती बसवले, आणि १९८० चा भूजल कायदा जन्माला आला. नेमून दिलेल्या क्षेत्रांत ओलिताखाली नवी जमीन आणण्यास त्याने मनाई केली. आणि नव्या वसाहतीतला प्लॉट विकण्यापूर्वी शंभर वर्षे पुरेल इतक्या पाण्याचा दाखला विकासकाने सादर केला पाहिजे, अशी अट घातली. जमिनीच्या खरेदी-विक्रीत पुढच्या चार पिढ्यांच्या तहानेचा विचार कायद्याने सक्तीचा करणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. मालमत्तेच्या हक्काला सर्वांत पवित्र मानणाऱ्या समाजाने ती केली, याचे श्रेय त्याला मोकळेपणाने दिले पाहिजे.

या शिस्तीचे फळ आश्चर्य वाटावे असे आहे. राज्याच्या जलखात्याच्या हिशेबानुसार ॲरिझोना आज जेवढे पाणी वापरतो ते १९५७ मधील वापराहून किंचित कमीच आहे, जरी तेव्हापासून वस्ती कित्येक पटींनी वाढली आहे. कारण उघड आहे: कापसाचे आणि अल्फाल्फा गवताचे शेत उठून तेथे घरे आली की पाण्याची मागणी बहुधा घटते. आजही राज्यातले सुमारे सात दशमांश पाणी शेतीकडे जाते. तेव्हा ‘माणसे वाढली म्हणून पाणी संपले’ हे सरधोपट विधान खरे नाही. पाणी कोणत्या कामाला, कोणत्या किमतीला आणि कोणाच्या हक्काने जाते, हा खरा प्रश्न आहे.

मात्र कायद्याच्या कुंपणाबाहेर काय घडते, तेही पाहिले पाहिजे. सहापेक्षा कमी प्लॉट पाडले तर ती ‘वसाहत’ ठरत नाही आणि दाखल्याची अट लागू होत नाही, या पळवाटेतून स्कॉट्सडेल शहराच्या सीमेलगत रिओ व्हर्डे फूटहिल्स ही वस्ती उभी राहिली. तेथील शेकडो घरांना ना विहीर होती ना नळ; शहराच्या पाणवठ्यावरून टँकर भरून यायचे आणि घराखालच्या टाकीत रिकामे व्हायचे. दुष्काळाचे कारण देऊन, आणि पूर्वसूचना देऊन, शहराने १ जानेवारी २०२३ रोजी हा पुरवठा बंद केला. लाखो डॉलर खर्चून बांधलेल्या त्या घरांतील माणसे छपरावरचे पावसाचे पाणी बादल्यांत धरून शौचालयात ओतू लागली, कागदी ताटल्यांत जेवू लागली, कपडे धुवायला नातेवाइकांकडे नेऊ लागली. पुढे विधिमंडळाने कायदा करून तात्पुरती सोय लावून दिली; पण रीतसर दाखल्यावाचून वाढ म्हणजे काय, हे त्या काही महिन्यांत साऱ्या राज्याने पाहिले. ग्रामीण ॲरिझोनाच्या बहुतेक भागात तर १९८० च्या कायद्याचा अंमलच नव्हता. तेथे विहीर खोल खणू शकणाऱ्याला हवे तेवढे पाणी उपसता येत असे, आणि सौदी अरेबियातील एका दुग्धव्यावसायिक कंपनीने तेथे पिकवलेला चारा समुद्रापार नेला. सरकारी जमिनीवरील तिचे भाडेपट्टे संपवण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, तोवर शेजारच्या काही विहिरींनी तळ गाठला होता.

त्याच वर्षीच्या जून महिन्यात गव्हर्नर केटी हॉब्स यांनी जाहीर केले की फीनिक्स परिसरात पुढील शंभर वर्षांत भूजलाची मागणी पुरवठ्याहून सुमारे ४ टक्के अधिक राहील असा हिशेब निघाला असून, केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना यापुढे दाखला मिळणार नाही. आधीच मंजूर झालेल्या सुमारे ८०,००० प्लॉटांना धक्का लागला नाही, तरीही वृत्तपत्रांनी ‘फीनिक्सचा अंत’ असे सूर लावले. मला हा निर्णय अंताचा नव्हे तर कायद्याच्या प्रौढतेचा पुरावा वाटतो. जामीन मागायचा आणि तो कमी पडल्यावरही कर्ज द्यायचे, असे करणारा सावकार स्वतःही बुडतो आणि ऋणकोलाही बुडवतो.

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप आहे, आणि त्याला बगल देता येणार नाही. मर्यादा घातली की घरे महागतात. महागाईचा भार आधीच घर घेऊन बसलेल्यावर पडत नाही, तो नंतर येणाऱ्या तरुणावर, मजुरावर, परिचारिकेवर पडतो. कॅलिफोर्नियातील घरभाडे झेपेनासे झाले म्हणून जी माणसे ॲरिझोनात आली त्यांना इथेही दार लागलेले दिसावे, हे न्यायाचे नव्हे. परंतु या आक्षेपाचे उत्तर दाखल्याची अट उठवण्यात नाही. शंभर वर्षांच्या पाण्याची हमी ज्या शहरांकडे आहे तेथे आत, दाटीने आणि स्वस्तात वसता आले पाहिजे. २०२४ च्या कायद्याने पंचाहत्तर हजारांहून मोठ्या शहरांना मागच्या आवारात दुसरे लहान घर बांधू देणे भाग पाडले, ते या दिशेचे पाऊल आहे. शेतीचे पाणी घरांकडे वळवताना एकूण उपसा घटेल अशी तरतूद करणारा २०२५ चा कायदाही त्याच विचाराचा आहे. वाढ रोखणे आणि वाढीला रीत लावणे यांत मोठे अंतर आहे.

वाढीचा हिशेब माणसांच्या जिवातही मांडावा लागतो. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्सने सलग ३१ दिवस ४३ अंश सेल्सियसच्या वरचे तापमान सोसले, आणि हे शहर ज्यात आहे त्या मॅरिकोपा परगण्यात त्या वर्षी उष्णतेमुळे ६४५ मृत्यू नोंदले गेले; त्यांत बेघरांचा वाटा फार मोठा होता. ज्या शहरात छप्पर न परवडणारी माणसे पदपथावर होरपळून मरतात, त्या शहराच्या लोकसंख्येचा आकडा कितीही वाढला तरी तो वैभवाचा दाखला होत नाही.

या साऱ्या कथेत सर्वांत जुना हक्क कोणाचा, हे सांगितल्यावाचून ती पुरी होत नाही. गिला नदीच्या काठी अकिमेल ओधम लोक शतकानुशतके कालव्यांनी शेती करीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वसलेल्या नवागतांनी नदीचे पाणी वळवले आणि या सधन शेतकऱ्यांवर उपासमारीची पाळी आली. २००४ च्या केंद्रीय कायद्याने त्यांचा हक्क अखेर मान्य झाला, आणि आज कालव्याच्या पाण्याचे ते सर्वांत मोठ्या हक्कदारांपैकी एक आहेत. कोलोरॅडो नदीवरील मीड सरोवराची पातळी घसरत गेली आणि २०२१ मध्ये इतिहासात प्रथमच तुटवडा जाहीर होऊन पुढच्या वर्षी ॲरिझोनाला आपल्या हिश्शाचा सुमारे १८ टक्के भाग सोडावा लागला. पिनल परगण्यातील शेते पडीक राहिली. अशा वेळी २०२३ मध्ये याच जमातीने मोबदल्याच्या करारान्वये वर्षाला सव्वा लाख एकर-फूट पाणी सरोवरातच राहू देण्याचे मान्य केले. ज्यांचे पाणी हिरावून या राज्याच्या वाढीचा आरंभ झाला, त्यांच्याच संयमावर तिचे चालू राहणे आज अंशतः अवलंबून आहे.

म्हणून कोणत्याही वाढत्या राज्याला पहिला प्रश्न ‘किती माणसे आली?’ असा विचारू नये. आलेल्यांच्या पाण्याचा जामीन कोण राहिले, तो किती मुदतीचा आहे, आणि त्याची किंमत कोणाच्या पदरी पडली, हे विचारावे. ॲरिझोनाने या प्रश्नांची उत्तरे अर्धीमुर्धी आणि उशिरा दिली, कुंपणाबाहेरच्या खेड्यांना तर अजून पुरती दिलेली नाहीत. १९८० मध्ये प्रचंड वाटलेली शंभर वर्षांची मुदतही आता निम्म्यावर येत आहे, आणि आज जन्मलेले मूल तिचा शेवट पाहील. परंतु प्रश्न विचारण्याचे बळ त्या राज्याने दाखवले. समृद्धीची घोषणा करणारे प्रदेश पुष्कळ असतात. आपल्या समृद्धीची मर्यादा कायद्यात लिहून ती पाळणारे प्रदेश विरळा, आणि दीर्घकाळ टिकण्याची आशा त्यांनीच धरावी.