उद्याच्या स्वातंत्र्याचा हिशेब

कार्बनतटस्थतेचे उद्दिष्ट म्हणून २०५० हे साल कायद्यात लिहिणे फारसे अवघड नसते. लिहिणारे बहुतेक जण तोवर पदावर नसतात. अवघड असते ते मधल्या वर्षांची वाटणी करणे: किती कपात आपल्या कारकिर्दीत करायची आणि किती पुढच्यांवर ढकलायची. युरोपच्या हवामान धोरणातला खरा नैतिक पेच मला इथे दिसतो. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये त्याला थेट हात घातला.

जर्मनीच्या २०१९ च्या कायद्यानुसार हरितगृह वायूंचे उत्सर्जन २०३० पर्यंत १९९० च्या तुलनेत ५५ टक्क्यांनी घटवायचे होते. त्यापुढची वाट मात्र मोघम ठेवली होती. या कायद्याविरुद्ध दाद मागणाऱ्यांत बरेच तरुण होते. काही तर उत्तर समुद्रातल्या पेलवर्म बेटावरचे, ज्यांची घरे आणि शेती समुद्र चढला की धोक्यात येते. न्यायालय म्हणाले, हवेत आणखी किती कार्बन सोडता येईल याला मर्यादा आहे. त्यातला मोठा वाटा २०३० पर्यंतच संपवला, तर नंतरच्यांना फार थोड्या वेळात फार काही सोडावे लागेल. प्रवास, घर, उद्योग, सगळ्यांतच आज उत्सर्जन असल्याने ही दिरंगाई त्यांच्या मूलभूत स्वातंत्र्यावरच घाला घालते.

कपातीमुळे स्वातंत्र्य जाते, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. कपात टाळल्याने कुणाचे जाते, हे एका न्यायालयाने विचारले, म्हणून हा निकाल मला मोलाचा वाटतो. मात्र बांगलादेश आणि नेपाळमधल्या लोकांनीही याच न्यायालयाकडे दाद मागितली होती आणि त्यांच्या पदरी काही पडले नाही. न जन्मलेल्यांपर्यंत पोचलेला विचार देशाच्या सीमेपाशी अडला, हे भारतात बसून वाचताना बोचते.

काही महिन्यांतच जर्मन संसदेने २०३० साठी ६५ टक्के आणि कार्बनतटस्थतेसाठी २०४५ असे उद्दिष्ट ठरवले. पण २०२४ मध्ये त्याच कायद्यातला दात काढला गेला. पूर्वी एखाद्या क्षेत्राने वर्षाची मर्यादा ओलांडली, की संबंधित मंत्रालयाला तातडीचा कार्यक्रम द्यावा लागे. आता सगळ्या क्षेत्रांची बेरीज पाहतात. वाहतूक क्षेत्र सतत मागे पडत होते. त्याची तूट आता वीजनिर्मितीतल्या कपातीआड झाकता येते. आणि आज विकली गेलेली पेट्रोलची गाडी पुढची दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर धूर सोडतच राहते.