उंबऱ्याबाहेरचा माणूस



दिंडीत आपण एका पंगतीत जेवतो, एका तंबूत पाठ टेकतो. समजा, त्यातलाच एखादा जुना वारकरी आजारी पडला, आणि आजार शेजारच्याला लागणारा निघाला. त्याला ठेवून घ्यावे तर लेकराबाळांना धोका. मागे ठेवावे तर ज्याच्या खांद्याला खांदा लावून चाललो, त्यालाच वाटेत सोडल्यासारखे होते. काय करावे? शंभर वर्षांपूर्वी दूरच्या एका शेतावर हा प्रश्न खरोखरच उभा राहिला होता.

हिब्रू भाषेत राहेल नावाची एक कवयित्री होऊन गेली. जन्म १८९० चा, रशियातला. १९०९ साली ती बहिणीबरोबर पॅलेस्टाइनला आली. तेव्हा तिथे तुर्कांचा अंमल होता. हिब्रू तिची मायबोली नव्हे. बालवाडीतल्या मुलांचे बोलणे ऐकत ती शिकली. चित्रकला शिकण्याची हौस बाजूला ठेवून तिने कुदळ हाती घेतली आणि गालील सरोवराच्या काठी, किन्नेरेत येथे मुलींना शेतीकाम शिकवणाऱ्या शेतावर ती राबू लागली.

तिथे तिला ए. डी. गॉर्डन भेटले. आयुष्यभर लेखणीचे काम केलेले हे गृहस्थ वयाच्या ४८ व्या वर्षी त्या देशात येऊन शेतमजूर झाले होते. मातीतले कष्ट हीच आत्म्याची शुद्धी, असे ते सांगत आणि तसेच जगत. सावता महाराजांचा मळा ज्याच्या मनात आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

१९१३ साली राहेल शेतीशास्त्र शिकायला फ्रान्सला गेली. पहिले महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. ती रशियात गेली, तिथे निर्वासित मुलांची सेवा केली. त्याच काळात तिला क्षयाने गाठले. १९१९ साली ती परतली ती सरोवराकाठच्याच देगानिया या वस्तीत. १९१० साली वसलेल्या या वस्तीत जमीन सर्वांची, कष्ट सर्वांचे आणि चूलही एकच.

आजार उघड झाला तेव्हा तिला वस्ती सोडायला सांगण्यात आले.

माउली, इथे घाईने निवाडा करू नका. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. वस्तीत लहान मुले होती. त्यांच्या आईबापांची भीती खोटी नव्हती. पण आजाऱ्याला दूर ठेवणे निराळे आणि त्याचे आपल्याशी असलेले नाते तोडणे निराळे. पहिले कधी कधी करावेच लागते. दुसरे कोणताही रोग करायला लावत नाही. ते आपणच करतो.

राहेलने मात्र आपल्या बाजूने नाते तोडले नाही. पुढची वर्षे तिने आजारपणात, बरीचशी एकटेपणात, तेल अवीवमधल्या खोलीत काढली. तिच्या बहुतेक कविता याच वर्षांतल्या. लहान, साध्या, रोजच्या बोलीतल्या. १९२७ सालच्या पहिल्या संग्रहाला तिने ‘साफियाह’ हे नाव दिले. गेल्या हंगामात सांडलेल्या दाण्यांतून, कुणी न पेरता उगवलेले पीक, असा त्याचा अर्थ. शेतातून बाहेर काढलेल्या बाईने पुस्तकाला नाव दिले ते शेतातलेच! शेवटच्या संग्रहाचे नाव ‘नेवो’. तो तिच्या मृत्यूनंतर १९३२ साली निघाला. नेवो हा डोंगर. त्यावर उभे राहून मोशेने देवाने कबूल केलेली भूमी डोळे भरून पाहिली, पण त्याला आत पाऊल टाकता आले नाही. राहेललाही सरोवर दिसत राहिले ते दुरूनच.

१९३१ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी ती गेली. तिचा देह किन्नेरेतच्या दफनभूमीत, त्याच सरोवराकाठी आणून ठेवला. आज तिथल्या चलनी नोटेवर तिचे चित्र आहे.

इथे आपल्याला चोखोबा आठवल्यावाचून राहत नाहीत. दोन्ही गोष्टी एक नव्हेत. राहेलला रोगामुळे दूर केले. चोखोबांना जन्मामुळे अडवले, आणि त्या अन्यायाला कसलीच सबब नाही. पण शेवट पाहा. मंगळवेढ्यात कोसळलेल्या भिंतीखाली गेलेल्या चोखोबांच्या अस्थी नामदेवरायांनी महाद्वारी आणल्या, असे परंपरा सांगते. जिवंतपणी बाहेर, आणि मेल्यावर दाराशी मान.

मेलेल्याला जवळ घेणे सोपे असते, माउली. त्याचा खोकला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी रात्र जागावी लागत नाही. कसोटी असते ती जिवंत माणसाची. आपल्याही घरात, गावात, दिंडीत यंदा न आलेले कुणीतरी असते. थकलेले, अंथरुणाला खिळलेले, किंवा आपणच कधी काळी दूर ठेवलेले. त्याला वारीला नेता येणार नाही कदाचित. पण निघण्याआधी त्याच्या दाराशी जाता येईल, परतल्यावर प्रसाद हातावर ठेवता येईल, घटकाभर बसून वाटेतल्या गोष्टी सांगता येतील.

त्याच्या समाधीवर फुले वाहायला आपण जाऊच. त्याआधी एकदा त्याच्या उंबऱ्यापर्यंत जाऊ या.

रामकृष्ण हरी.