नियम आणि घास

अन्नाविषयी माणसाने विचार करावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता फोल वाटेल. विचार न करता खाणे हे पशूचे लक्षण, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु विचार करून खाणे आणि विचार करीत खाणे यांत अंतर आहे. पहिल्यात विचार जेवणाच्या आधी संपलेला असतो. दुसऱ्यात तो शेवटच्या घासापर्यंत पानात बसून राहतो. गेली तीन वर्षे हे अंतर मी स्वतःच्या घरात अनुभवले आहे, म्हणूनच त्यावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. आमच्या घरी मासळी खात, पण वार पाळले जात. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी आणि सबंध श्रावण एवढे दिवस मासळीवाचून जात. हिशेब केला तर वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस झाले. त्या दिवसांचा स्वयंपाक काही शिक्षा म्हणून होत नसे. काळ्या वाटाण्याची आमटी, कुळथाचे पिठले, कच्च्या फणसाची भाजी, अळूचे फदफदे, आणि वर नारळाच्या रसातली सोलकढी. दूधदुभते बेताचे असल्यामुळे पदार्थांना गोडी आणि स्निग्धता येई ती नारळाने. मात्र सोमवारी मासळी न खाल्ल्याबद्दल कोणी स्वतःला पुण्यवान समजत नसे आणि बुधवारी ती खाल्ल्याबद्दल कोणाला अपराधी वाटत नसे. नियम भिंतीवरच्या कालनिर्णयात होता. जेवणारा मोकळा होता.

त्या नियमांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाला पंक्तीला बसवू नये, हेही त्याच नियमांत लिहिलेले होते. उपासांचा भार घरातल्या बायकांवर अधिक पडे, आणि विधवेच्या पानात काय वाढावे हे तिला न विचारताच ठरे. ते ओझे गेले हे बरेच झाले. पण बाहेरचा नियम गेल्यावर त्याची जागा रिकामी राहत नाही. ज्याने त्याने आपला नियम आपणच करायचा, आपणच पाळायचा आणि मोडला तर निवाडाही आपणच द्यायचा, अशी आजची स्थिती आहे. हे स्वातंत्र्य मोठे आहे, आणि त्याचे ओझेही लहान नाही.

तीन वर्षांपूर्वी दिल्लीत मी मासळी आणि दूध दोन्ही सोडले. कारणे दोन होती. रक्ततपासणीत साखर मर्यादेच्या काठावर आली, हे पहिले. दुसरे असे की, गायम्हैस दूध देते ती वासरासाठी आणि दुधाच्या धंद्यात नर वासराला जागा नसते, ही गोष्ट एकदा ध्यानात आल्यावर मला विसरता येईना. दूधही वर्ज्य करणाऱ्यांनी १९४४ साली इंग्लंडात स्वतंत्र संस्था काढली आणि स्वतःसाठी ‘व्हीगन’ हा नवा शब्द घडवला. मला त्या शब्दाची गरज नव्हती. आमच्या घरचा सोमवार मी सातही वार करीत होतो, एवढेच.

निर्णय चांगला होता, असे मला अजूनही वाटते. बिघडले ते पुढे. माझी नोकरी हिशेबाची. मी एक वही घातली. काय खाल्ले, किती खाल्ले, त्यात तेल किती, साखर किती, हे लिहू लागलो. स्वयंपाकघरात लहानसा काटा आला. बिस्किटाच्या पुड्यावरचा बारीक मजकूर मी एखाद्या आक्षेपपत्रासारखा वाचू लागलो. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली आणि तो टेबलोटेबली पेढे वाटत आला, तेव्हा मी हात मागे घेतला. तेवढ्याने भागले असते. मी त्याला वासरांची गोष्टही सांगितली. तो काही बोलला नाही. डबा घेऊन पुढच्या टेबलाकडे गेला. त्या दिवशी वहीत मी समाधानाने लिहिले, ‘पेढा घेतला नाही.’ त्याच्या मुलीचे नाव विचारायचे मात्र राहून गेले.

शुद्ध आहाराचा असा ध्यास हा रोग होऊ शकतो, हे स्टीव्हन ब्रॅटमन या अमेरिकन वैद्याने १९९७ साली लिहिले आणि त्याला ‘ऑर्थोरेक्सिया’ असे नाव दिले. मला रोग झाला होता असे मी म्हणणार नाही. पण रोगाच्या अंगणात मी उभा होतो, आणि त्या अंगणात मी एकटाच नव्हतो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. एकदा वर्गातल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिने केक खाल्ला. घरी येऊन दप्तर न उतरवताच ती माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, मी आज एक वाईट गोष्ट खाल्ली. वहीत लिहून ठेवा.”

तिला आम्ही कधी काही मना केले नव्हते. तिने फक्त मला पाहिले होते. संयम शिकवावा लागतो. भय न शिकवताच येते. मी ज्याला संयम म्हणत होतो त्यात भयाची भेसळ किती होती, हे मला त्या संध्याकाळी कळले. संयमाला सीमा असते. ती पाळली की माणूस निश्चिंत होतो. भयाला सीमा नसते. कितीही पाळले तरी आणखी काही पाळायचे उरतेच. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग साधत नाही म्हणून सांगितले आहे ते फार खाणाऱ्याला, आणि त्याच दमात मुळीच न खाणाऱ्यालाही. दोघांच्याही मनात अन्न अष्टौप्रहर नांदत असते, म्हणूनच त्यांना एका पंक्तीत बसवले असावे.

येथे कोणी म्हणेल की, नियम सैल करण्यासाठी ही सोयीची मीमांसा आहे. आक्षेप योग्य आहे. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. पुढे १९१८ च्या दीर्घ आजारपणानंतर प्रकृती सुधारेना, तेव्हा व्रत घेताना मनात गायीम्हशीचेच दूध होते, शेळीचे नव्हते, अशी वाट कस्तुरबांनी दाखवली आणि ते शेळीचे दूध घेऊ लागले. व्रताचे अक्षर राहिले, आत्मा गेला, ही सल त्यांनी आत्मचरित्रात लपवलेली नाही. मला त्या प्रसंगात दोन गोष्टी दिसतात. त्यांनी स्वतःला युक्तिवादाने निर्दोष ठरवले नाही. आणि पुढ्यात आलेले दूध प्यायचे सोडले नाही. नियम मोडल्याची जाणीव ठेवूनही माणूस जगू शकतो, काम करू शकतो. अपुरेपण कबूल करणे निराळे आणि प्रत्येक घासावर खटला भरणे निराळे.

मला वाट दाखवली ती आईने, आणि तीही नकळत. गेल्या हिवाळ्यात ती गावाहून आली. सकाळी माझ्याबरोबर भाजीला निघाली. गाड्यावरचा बथुआ पाहून ती थबकली. “अरे, हा तर चाकवत!” म्हणाली, आणि दोन जुड्या घेतल्या. घरी चाकवत ताकात करीत. तिने चिंचेचा कोळ घातला, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घातले, वर लसणाची फोडणी दिली. मी पान वाढून घेतले आणि सवयीने काट्याकडे हात नेला. ती शांतपणे म्हणाली, “बाळा, काय घ्यायचं नि काय नाही ते बाजारात ठरवायचं. पिशवीतून घरात आलं की ते अन्न. त्याला आता काय विचारतोस?”

एवढ्या तीन वाक्यांत मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. नियम पिशवीत असावा, पानात नसावा. दूध घ्यायचे नाही, हे मी आजही ठरवलेले आहे. पण ते ठरते दुकानाच्या पायरीवर, आठवड्यातून एकदा. शाकाहारात, आणि त्यातून दूधही नसले म्हणजे, बी-१२ हे जीवनसत्त्व मिळत नाही. ते वैद्याला विचारून गोळीने घ्यावे लागते. ती गोळी मी रविवारी सकाळी घेतो आणि विषय संपतो. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातले लोह अंगी लागते, हे शास्त्र खरे आहे. पण मटकीच्या उसळीवर लिंबू पिळताना आता मला ते आठवत नाही. उसळ लिंबाने चांगली लागते, एवढे पुरते.

वही बंद केली तेव्हा हातांना दुसरे काम मिळाले. आय.एन.ए. बाजारातून नारळ आणून मी स्वतः खवतो. दिल्लीच्या थंडीत मटकीला मोड लवकर येत नाहीत. फडक्यात बांधून पुरचुंडी शेगडीजवळ ठेवावी लागते आणि कधी तिसरा दिवस उजाडतो. मुलगी शाळेतून आल्यावर पुरचुंडी उघडून पाहते. ज्या अन्नाची तीन दिवस वाट पाहिली, त्याच्याविषयी संशय धरणे माणसाला जड जाते. घरच्या स्वयंपाकाचा हा गुण मला पूर्वी ठाऊक नव्हता. तो पोट भरतो आणि शिवाय ओळख करून देतो. ज्याची ओळख आहे त्याचे भय कमी वाटते.

त्या सहकाऱ्याची मी नंतर क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, विसरलो मी. तो विसरला नसावा. पुन्हा असा प्रसंग आला तर मी आधी अभिनंदन करीन, मुलाचे नाव विचारीन, पेढा हातात घेईन. तो खाईन की शेजाऱ्याला देईन, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. पण कोणी विचारल्यावाचून वासरांची गोष्ट सांगणार नाही.

मुलीच्या मनातला संशय मात्र माझ्या वहीबरोबर मिटला नाही. पाने वाढल्यावर अजूनही ती अधूनमधून माझ्याकडे पाहते आणि विचारते, “बाबा, हे चांगलं आहे ना?” पूर्वी मी तिला घटक आणि गुणधर्म सांगत असे. आता मी तिच्या पानात भाकरी वाढतो आणि म्हणतो, “गरम आहे. जेव.”